हरिकेनचं मॉडेल रंगवून झालं, पण खेळणं वाटतंय. युद्धात वापरलेलं विमान दिसावं म्हणून काय करू?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: हॉकर हरिकेन मार्क २सी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, १/७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट, इंफाळ १९४४, आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी). जोडणी झाली, रंग झाला. मग व्हिडिओ बघून सगळ्या पॅनल लाइनींत (पत्र्यांच्या जोडांच्या खाचांत) काळा वॉश (पातळ केलेला रंग) भरला, रंग उडून पत्रा दिसतोय असे अंगभर चंदेरी पोपडे काढले, आणि आता ते "चिखलात पडलेलं खेळणं" दिसतंय.

फोटो पाहिला. हात चांगला आहे तुमचा, जोडाच्या रेषा कुठे दिसत नाहीत. गडबड वेगळीच आहे. विमान कशाचं बनलंय हे न बघता ते झिजवलंय. मीही हेच केलं होतं, म्हणून ओळखू आलं.

माझं पहिलं हरिकेन मी मोठ्या कौतुकाने शेजारच्या काकांना दाखवायला नेलं. काकांनी उभी हयात एका फ्लाइंग क्लबात विमानं दुरुस्त करण्यात काढलेली, पुष्पक विमानांना कापड ताणून डोप (कापड ताठ करणारं रोगण) मारलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी शेपटीजवळचे माझे चंदेरी ओरखडे न्याहाळले आणि म्हणाले, "अरे, कापडाखाली पत्रा कुठून आणलास?" मी पडलेल्या चेहऱ्याने घरी आलो. पण त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं पन्नास व्हिडिओंनी नाही.

हरिकेन पहिल्यांदा उडालं नोव्हेंबर १९३५ मध्ये. हॉकर कंपनीच्या सिडनी कॅमने त्याची रचना केली ती जुन्या दुपंखी विमानांच्या वळणाने. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, कॉकपिटच्या मागे त्यावर लाकडी फ्रेमा आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड. तुमच्या किटवर मागच्या अंगाला ज्या उभट लांब कडा दिसतात ना, त्या म्हणजे कापडाखालून वर आलेल्या त्या लाकडी पट्ट्या. शेपटीचा उभा पंख, आडवा पंख, विमान वळवणारे हलते भाग म्हणजे रडर, एलेव्हेटर, एलेरॉन, सगळं कापडी. पत्रा फक्त इंजिनाभोवती, कॉकपिटच्या आसपास आणि पंखांवर. सुरुवातीच्या हरिकेनचे तर पंखही कापडी होते, पण २सी येईपर्यंत ते धातूचे झाले होते.

तेव्हा पहिलं काम: कॉकपिटच्या मागची सगळी चांदी बुजवा. मूळचाच रंग बारीक ब्रशने ठिपक्या-ठिपक्यांनी लावा, पूर्ण अंग पुन्हा रंगवू नका. कापडाला पोपडे धरत नाहीत. ते मळतं, विटतं, तेलाचे डाग शोषतं, फाटलं तर त्यावर ठिगळ लागतं. एखादं चौकोनी ठिगळ दाखवायचं असेल तर तेवढ्याच भागात मूळ रंगाची थोडी ताजी, गडद छटा द्या. लिननवरचे पहिले हात तांबूस डोपचे असत. त्यामुळे अगदीच हौस असेल तर एखाद्या ठिगळाच्या कडेला तांबूस रेघ चालेल. एकच.

प्रोपेलरचंही तेच. बऱ्याच मार्क २ हरिकेनवर रोटोल कंपनीचा प्रोपेलर असे आणि त्याची पाती दाबलेल्या लाकडाची, कडेला पितळी पट्टी. म्हणजे पात्यांच्या टोकांवर तुम्ही जी चांदी घासलीय तीही गेली पाहिजे. पितळेची पुसट झाक कडेपुरती ठेवा.

आता चांदी कुठे राहील? जिथे माणसाचा हात, बूट किंवा पाना लागतो तिथे. हरिकेनमध्ये वैमानिक डाव्या बाजूने चढायचा. खाली एक रिकीब ओढून काढायची, तिच्यावर पाय, मग पंखाच्या मुळाशी पाय, मग आत. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी झीज जास्त. उजवीकडे कमी, पण अजिबात नाही असं नाही, कारण फिटर-रिगर (इंजिन आणि सांगाडा सांभाळणारे मेकॅनिक) दोन्ही बाजूंनी चढायचे. इंजिनाच्या पत्र्यांच्या कडा रोज उघडबंद होतात, तिथे बारीक ओरखडे. पंखातल्या तोफांच्या झाकणांच्या कडा. पंखांच्या मुळांत आणि कॉकपिटच्या पुढे पेट्रोलच्या टाक्या होत्या, त्यांच्या भरण्याच्या तोंडाशी पेट्रोल सांडून रंग निघालेला. बस्स. पंखाच्या टोकाला कोण कशाला जाऊन बूट घासेल?

आणि ती चांदी चकचकीत नको. घरातलं जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं आठवा, तसली मळकी. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिमट्यात धरायचा, रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा, मग हलकेच टेकवायचा. मी आता साधी चंदेरी पेन्सिलच वापरतो. चुकलं तर बोटाने पुसता येतं.

मापाचं भान ठेवा. १/७२ मध्ये एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून मोठा. तुमच्या किटच्या पॅनल लाइनी पाव मिलिमीटर रुंद असतील तर खऱ्या विमानावर त्या पावणेदोन सेंटिमीटरच्या भेगा झाल्या! त्यात काळं भरलं की विमान चौकटीचा शर्ट घातल्यासारखं दिसतं. आजकाल स्पर्धांमध्येही हे फार चाललंय, बक्षिसंही मिळतात, पण मला ते विमान वाटत नाही. काळ्याऐवजी खालच्या रंगाहून किंचित गडद असा तपकिरी-करडा वॉश घ्या. कॅमलची तैलरंगाची बर्न्ट अंबर ट्यूब, त्यात काळ्याचा कण, आणि टर्पेंटाइन. चहाच्या रंगाइतका पातळ. इंजिनाच्या पत्र्यांना आणि हलणाऱ्या भागांच्या फटींना थोडा ठळक, बाकी ठिकाणी नावापुरता. काळा वॉश तैलरंगाचा असेल तर टर्पेंटाइनमध्ये ओलावलेल्या कापसाच्या काडीने अजून निघेल. अॅक्रिलिक असेल तर मात्र वरून पुसट करत नेणं एवढंच हातात आहे.

माझा सगळ्यात आवडता भाग एग्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या डागांचा. तुमच्या फोटोत दोन सरळ काळे पट्टे आहेत. हरिकेनच्या मर्लिन इंजिनात शिसं मिसळलेलं १०० ऑक्टेन पेट्रोल जळायचं. पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) असेल तर काळी काजळी येते, पण लांब पल्ल्यावर पातळ मिश्रणात चालवलं की शिशाची करडी, मातकट राख मागे बसते. इंफाळच्या त्या हरिकेनचं मुख्य काम टेहळणीचं होतं. पहिली स्क्वॉड्रन फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथे पोहोचली, स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग तिचे प्रमुख होते, आणि जपान्यांच्या वेढ्यातही ती तिथूनच उडत राहिली. जूनमध्ये आग्नेय आशियातले दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटननी अर्जन सिंगांना तिथेच डीएफसी हे शौर्यपदक दिलं. जंगलावरून, डोंगरांवरून तासन्‌तास फिरून शत्रूच्या हालचाली बघायच्या. म्हणजे तुमचा पट्टा आधी खूप पातळ काळपट-तपकिरी, आणि त्याच्या मधोमध त्याहून फिकट, राखेसारखा करडा. तो सरळ नका ओढू. हवा पंखाच्या मुळावरून वळत जाते, तसा पट्टाही किंचित वळतो आणि कॉकपिटच्या मागे कापडावर पसरून विरतो. एअरब्रश (हवेने रंग फवारणारं उपकरण) नसेल तर सॉफ्ट पेस्टलचा खडू सँडपेपरवर घासून त्याची पूड मऊ ब्रशने लावा. मी तर एअरब्रश असूनही पूडच वापरतो, ती जास्त ऐकते. याच कारणाने तोफांच्या तोंडांमागची काळी काजळीही निम्म्यावर आणा. रोज तुफान गोळीबार करून येणारं विमान नव्हतं हे.

रंग विटण्याबद्दल थोडं. वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे, हे तुम्ही बरोबर घेतलंय. पंखांवरच्या ओळखीच्या वर्तुळांतला लाल काढलात तेही बरोबर, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून आग्नेय आशियात १९४३ पासून लाल काढून टाकला होता, निळा आणि फिका निळा एवढेच रंग उरले. पण डेकल (चिकटवायची छापील चिन्हं) इतकं नवंकोरं आणि बाकी विमान इतकं मळकं, हे जुळत नाही. दोघांवर मिळून एकच हात फिरायला हवा. रंग फिका करायला पांढरा मिसळू नका, हिरवा लगेच पुदिन्यासारखा होतो. पिवळसर मातकट छटा मिसळा. धातूच्या भागावर एक, कापडाच्या भागावर किंचित वेगळी, कारण पत्र्यावरचा पेंट आणि कापडावरचा डोप सारखे म्हातारे होत नाहीत. हा फरक नीट साधलात तर कॉकपिटच्या मागे साहित्य बदललंय हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

चिखल कुठे? हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब, रेडिएटर पोटाखाली मधोमध. चाकांनी उडवलेला चिखल फ्लॅपच्या (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या पट्टीच्या) खालच्या बाजूला, रेडिएटरच्या तोंडाशी आणि शेपटीच्या चाकाजवळ जातो. वरच्या बाजूला फक्त बुटांचा. आणि बागेतली माती चाळून लावायच्या फंदात पडू नका. मी मलमलमधून गाळून लावली होती. ०.१ मिलिमीटरचा कण १/७२ मध्ये सात मिलिमीटरचा खडा होतो, पंखावर खडी पसरल्यासारखी दिसली. पेस्टलची पूडच बरी.

क्रम असा ठेवा: रंग, ग्लॉस वार्निश, डेकल, पुन्हा ग्लॉसचा पातळ हात, मग तैलरंगाचा वॉश, मग मॅट वार्निश, आणि पूड अगदी शेवटी. पुडीवर पुन्हा वार्निश मारलं तर ती निम्मी नाहीशी होते. डेकलखाली ग्लॉस नसेल तर हवा अडकून चंदेरी चकाकी येते, तुमच्या शेपटीवरच्या आकड्यांना आलीय ती हीच. सुईने बारीक टोचून डेकल सॉफ्टनर सोडा, बरीचशी जाईल.

तुम्ही कोकणात राहता म्हणताय, म्हणून एक सावधगिरी. पावसाळ्यात मॅट वार्निश मारू नका. ठाण्यात जुलैतल्या एका संध्याकाळी मी स्प्रेचा डबा घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि पाच मिनिटांत सहा आठवड्यांच्या कामावर पांढरं धुकं धरलं. बायकोने विचारलं, "बर्फात पडलंय का हे?" हवेतला दमटपणा ओल्या वार्निशवर बसतो, त्याचा हा प्रकार. दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीत त्यावर ग्लॉसचा पातळ हात दिला तेव्हा धुकं बरंच गेलं. अगदी राहवत नसेल तर आधी जुन्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून तासभर बघा.

सध्या मात्र वार्निशला हात लावू नका. आज रात्री फक्त मागची चांदी बुजवा आणि प्रोपेलर दुरुस्त करा. उद्या उजेडात खिडकीपाशी ठेवून डावीकडून एक फोटो टाका. एग्झॉस्टचा पट्टा कुठपर्यंत न्यायचा ते त्यावर खूण करून सांगतो.