पहिल्या मुलीचा ओठ व टाळू दुभंगलेली आहे. दुसऱ्या अपत्यालाही तसेच होईल का? (निपाणी, पत्नी सख्ख्या मामाची मुलगी)

बहुधा होणार नाही: आई-वडील दोघांनाही दुभंग नसेल आणि एकच अपत्य बाधित असेल, तर पुढच्या अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के मानली जाते, म्हणजे सर्वसामान्य धोक्यापेक्षा (सुमारे ७०० जन्मांत एक) बरीच अधिक, तरीही शंभरातील पंचाण्णव वेळा मूल दुभंगाविना जन्मते. जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेला हा आकडा कुटुंबांच्या पाहणीतून आलेला आहे. बहुतेक दुभंगांमागे एकच जनुक नसून अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यात गरोदरपणातील धूम्रपान, फेफऱ्यावरील काही औषधे, आईचा मधुमेह यांची भर पडते. मात्र तुमच्या मुलीच्या किंवा तुम्हा दोघांपैकी कुणाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील, तर हा हिशेब लागू पडत नाही. तो व्हॅन डर वूड सिंड्रोम असू शकतो, बहुतेकदा आयआरएफ-६ या जनुकातील बदलामुळे होणारा, आणि त्यात बाधित पालकाकडून प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या सीमाभागात नवे नाही. अशा नात्याने धोका काहीसा वाढतो असे अनेक पाहण्यांत आढळले आहे, सर्वच पाहण्यांत नाही, म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी बेळगावातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात जनुकीय सल्ला घ्यावा आणि फॉलिक ॲसिड किती घ्यायचे तेही तिथेच विचारावे. ग्रहणात विळी हाती धरल्याचा दोष पत्नीला देणाऱ्यांना एवढेच सांगावे की ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारासच जुळून होतो, बहुतेकदा दिवस गेल्याचे घरात पुरते कळण्याआधी.