फ्लॅटमधल्या खोलीत खऱ्या वाफेवरचं मॉडेल इंजिन चालवता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: दहा बाय बाराच्या खोलीत प्लायवर मांडलेला एचओचा (मॉडेल रेल्वेच्या एका छोट्या मापाचा) विजेवरचा लेआउट आहे, म्हणजे रूळ, गाड्या, झाडं असा सगळा देखावा, कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहिल्यापासून हा नाद लागलाय, आणि आता त्याच लेआउटवर खरं पाणी उकळून चालणारं इंजिन फिरवायचंय. माझं उत्तर: खोलीत चालेल, पण त्या लेआउटवर नको.

आधी लेआउटचं बघू. एचओच्या रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एवढ्या मापात नावाजलेली वाफेची इंजिनं म्हणजे हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने २००३ साली काढलेलं मॅलार्ड आणि त्याची भावंडं. त्यांत ज्योतच नसते. रुळांतून येणाऱ्या विजेवर टेंडरमधलं (इंजिनामागे जोडलेल्या डब्यातलं) पाणी उकळतं आणि ती वाफ इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाते. घरात चालवायला याहून निर्धोक काही नाही. पण उत्पादन केव्हाच बंद झालंय, मिळालं तर जुनं मिळेल, आणि ते सावकाश चालवणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय त्याचा कंट्रोलर वेगळा, त्यामुळे ते रुळावर असताना तुमची बाकीची इंजिनं उचलून ठेवावी लागतील. नंतर रुळांवर तेलाचा थर राहतो, तो पुसेपर्यंत विजेची इंजिनं धक्के खात चालणार.

ज्योतीवर चालणाऱ्या इंजिनांची दुनिया ३२ आणि ४५ मिमीच्या रुळांवर आहे. ४५ मिमीवरची मेन लाइनची मोठी इंजिनं सोडून द्या. त्यांना दहा फुटांच्या आसपास त्रिज्येचं वळण लागतं, म्हणजे वीस फूट रुंद जागा. तुमच्या खोलीत बसेल ते ३२ मिमीवरचं छोटं नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या लाइनचं, इंजिन. त्यातली बरीचशी अडीच-तीन फूट त्रिज्येच्या वळणावर मुकाट फिरतात. यात १६ मिमी म्हणजे एक फूट असं प्रमाण धरतात, म्हणून दोन फुटी लाइनचे रूळ बरोब्बर ३२ मिमी होतात. माथेरानची लाइन दोन फुटी, दार्जिलिंगचीही. दार्जिलिंगचं बी क्लास इंजिन या मापात इंग्लंडच्या राउंडहाउस कंपनीने बनवलेलं आहे. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा गेज (रुळांतलं अंतर) अडीच फूट, त्यामुळे तिचे रूळ ४० मिमीचे धरावे लागतील आणि तयार काहीच मिळणार नाही. मला ही गोष्ट फार लागते, पण ते असो.

आता इंधन. मॅमॉडसारख्या जुन्या, स्वस्त इंजिनांत जळणाच्या पांढऱ्या वड्या वापरतात. त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो, घशात बसतो. घरात अजिबात नको. स्पिरिटवरची इंजिनं देखणी असतात, पण त्यांची निळी ज्योत उजेडात दिसतच नाही. इंजिन रुळावरून घसरलं आणि स्पिरिट सांडलं तर टेबल पेटलंय हे हाताला चटका बसल्यावर कळतं. माझं इंजिन गॅसवर चालतं आणि घरात चालवायचं तर तोच मला बरा वाटतो. ब्यूटेन छोट्या टाकीत भरायचा, बर्नर बॉयलरच्या मधल्या नळीत, साधारण वीस-पंचवीस मिनिटं चालतं. टाकीचं माप असं ठेवलेलं असतं की पाण्याच्या आधी गॅस संपावा, त्यामुळे बॉयलर कोरडा पडत नाही. मात्र तो प्रत्येक वेळी आधी पाण्याने भरूनच पेटवायचा. बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वापरा. क्षार बॉयलरमध्ये बसले की निघत नाहीत.

गॅस भरण्याचं काम गॅलरीत करा. भरताना थोडा बाहेर निसटतोच आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरत जातो. आत देवघरात समई किंवा निरांजन तेवत असेल तर आधी शांत करा, मगच कॅन हातात घ्या.

खरा प्रश्न हवेचा. एक ग्रॅम ब्यूटेन जळला की सुमारे तीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि दीड ग्रॅम पाणी तयार होतं. एका फेरीपुरतं हे फार नाही. भीती आहे ती ज्योतीला हवा कमी पडल्यावर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्यांतला हाच तो. म्हणून एक खिडकी उघडी, समोरच्या बाजूला दार किंवा एक्झॉस्ट फॅन चालू, आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ज्योत नळीत जळण्याऐवजी पुढे धुराड्याखाली जळायला लागली की उग्र वास येतो. लगेच गॅस बंद करायचा. सीलिंग फॅन बंदच ठेवा, त्याचा झोत वरून धुराड्यात शिरला तर ज्योत विझते. परदेशात लोक हॉलमध्ये चालवतात हे खरं आहे. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या डायमंडहेडला तर हॉटेलच्या हॉलमध्ये अनेक वर्षं जानेवारीत अशा इंजिनांचा मेळावा भरला. पण ते हॉल आहेत. तुमची खोली त्याच्या कोपऱ्यात मावेल.

एसी लावून खोली बंद करायचा मोह होईल, कारण वाफ थंड हवेतच दिसते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी इंजिन फुसफुसत जातं आणि धुराड्यावर काही म्हणजे काही दिसत नाही; वाफ हवेत विरून जाते. एसीपेक्षा जुलैची वाट बघा. बाहेर संततधार, खिडकी उघडी, हवा दमट आणि गार. अशा वेळी पांढरा झुबका डब्यांच्या वरून मागे लोळत जातो. बागेत इंजिनं चालवणारे इंग्रज पाऊस आला की आवरतात. आपल्याकडे खोलीत चालवण्याचा खरा मोसम पावसाळाच.

तेलाबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. इंजिनाच्या लुब्रिकेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत, थोडी वाफ शिरते, तिचं पाणी होतं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि वरचं तेल वाफेच्या वाटेत ढकलतं. तिथून ते सिलिंडरमध्ये आणि शेवटी वाफेबरोबर धुराड्यातून बाहेर. बागेत ते कुणाच्या लक्षात येत नाही. खोलीत ते पडद्यांवर, पुस्तकांवर, तुमच्या एचओच्या झाडांवर बसतं, आणि वास दुसऱ्या दिवशीही राहतो. सिलिंडर गार असताना पहिल्या काही मिनिटांत तर धुराड्यातून गरम तेलकट पाण्याचे थेंबच उडतात. म्हणून इंजिन गॅलरीत, चाकं अधांतरी ठेवून गरम करा, ते थेंब तिथेच उडू द्या आणि मग आत आणा. हे दोन-तीन किलोचं तापलेलं पितळ असतं, चामड्याचे हातमोजे घाला.

रुळांखाली थर्माकोल, भुसा, रंगवलेलं शेवाळ काही नको. पत्रा किंवा सिमेंट शीट. बोगदा करूच नका. रूळ लेव्हलने तपासून अगदी समपातळीत ठेवा, कारण वाफेचं इंजिन चढावर दम टाकतं आणि उतारावर सुसाट सुटतं. रिकामंही पळवू नका, मागे चार जड डबे हवेत. टेबलाच्या कडेला बोटभर उंचीचा कठडा लावा. जवळ ओला टॉवेल ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर एचओ तसाच राहू दिला असता आणि हॉलमध्ये मांडता-उचलता येईल असा ३२ मिमीचा लंबगोल ट्रॅक बनवला असता, घड्या घालून पलंगाखाली जाणारा. हॉलला समोरासमोर खिडक्या आहेत का आणि लांबी-रुंदी किती, ते लिहा; वळणाची त्रिज्या त्यावरून सांगतो.