चहाला उठलं की सेशन तुटतंय

प्रश्न: लातूरला मोंढ्यात आमची आडत, हिशोबाचा सर्व्हर पुण्यात, पुटीनं (दूरच्या सर्व्हरवर काम करायचा प्रोग्राम) लॉगिन करतो. काम चालू असलं की काही नाही, पण चहा पिऊन आलं की स्क्रीन गोठलेली अन् शेतकऱ्याची पट्टी अर्धीच. लाईन खराब आहे का?

उत्तर: लाईन खराब असती तर काम करतानाबी तुटलं असतं की. रिकामं बसलेलं कनेक्शन मधला राऊटर नाहीतर फायरवॉल गुपचूप विसरून जातं, अन् सर्व्हरवरच्या लिनक्सचा स्वतःचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का बघायला पाठवलेला छोटा संदेश) मुळातच ७२०० सेकंदांनी म्हणजे २ तासांनी, तोवर कोण थांबतंय! पुटीत कनेक्शनमधे ‘सेकंड्स बिटवीन कीपअलाइव्हज’ ० म्हणजे बंद असतंय, तिथं ६० टाका आणि सेशन सेव्ह करा (निम्मे लोक इथंच चुकतात). तुमच्याकडची लाईट गेली तर मात्र याचा उपयोग नाही, त्यासाठी सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावून त्यात काम करा, परत लॉगिन केलं की पट्टी होती तिथंच सापडती.