उताराच्या मैदानाआधी हातमोजे

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. योव्हिल टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासाचे तू पाठवलेले पहिले प्रकरण वाचले. २९ जानेवारी १९४९ च्या सामन्यापासून सुरुवात करण्याचा मोह मी समजू शकतो. सदर्न लीग या खालच्या पातळीच्या स्पर्धेत खेळणाऱ्या गावच्या संघाने पहिल्या श्रेणीतल्या धनाढ्य संडरलँडला एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून २-१ असे बाहेर काढले, ही हकिगत कुणालाही आधी सांगावीशी वाटेल. मात्र तुझ्या लेखनात हातमोजे एकदाच येतात, तेही 'ग्लोव्हर्स' (हातमोजे बनवणारे) या क्लबच्या टोपणनावाचा खुलासा म्हणून, हे मला खटकले.

सॉमरसेटमधल्या या गावाची ओळख कातडे कमावणे आणि हातमोजे शिवणे यांवर घडली. १८९५ मध्ये 'योव्हिल कॅज्युअल्स' म्हणून उभा राहिलेला क्लब १९१४ मध्ये पेटर्स युनायटेड या दुसऱ्या क्लबशी एकत्र आला. पेटर हे इंजिने बनवणारे घराणे. वेस्टलँडचा विमान कारखाना त्यांनीच पुढच्या वर्षी काढला. तीसहून अधिक वर्षे क्लबच्या नावात वागवलेले पेटर्सचे नाव १९४६ मध्ये गळाले, आणि तू ते एका तळटीपेत उरकलेस. एका गिरणीचा इतिहास लिहिताना मीही असेच केले होते: नामांतराचे साल टिपले, कारण विचारले नाही, आणि पुढची दोन प्रकरणे लंगडी झाली. तेव्हा हा भाग पुन्हा लिही.

आता सामना. योव्हिलच्या ह्यूइश या मैदानाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सुमारे ८ फुटांचा उतार होता, हे तू लिहिले आहेस. पण योव्हिलचे खेळाडू-व्यवस्थापक अ‍ॅलेक स्टॉक यांनी या उताराचा वर्तमानपत्रांतून किती गाजावाजा होऊ दिला, तेही लिही. पाहुण्यांच्या मनात तो उतार सामन्याआधीच भरला असावा, असे मला वाटते. योव्हिलचा गोलरक्षक जायबंदी झाल्यामुळे त्याच्या जागी उभा राहिलेला तरुण वकिलाच्या कचेरीत कारकून होता. पहिला गोल स्टॉक यांनी केला, संडरलँडने बरोबरी साधली, आणि मैदानावर धुके उतरत असताना जादा वेळेत एरिक ब्रायंट यांनी विजयी गोल मारला. हा जादा वेळ मिळाला कसा, याचे उत्तर तुझ्याकडे नाही. युद्धोत्तर टंचाईत आठवड्याच्या मध्ये पुनर्सामने होऊ नयेत म्हणून पहिल्याच लढतीत जादा वेळ खेळवण्याचा नियम होता. एरवी बरोबरीनंतर ही झुंज संडरलँडच्या घरच्या, सपाट मैदानावर गेली असती. पुढच्या फेरीत मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर ८१,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडने योव्हिलला ८-० असे हरवले. तो आकडा लपवू नकोस.

त्यानंतरच्या दशकांत फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशाच्या वरच्या श्रेणींत, जागा मिळवायची, तर आत बसलेल्या क्लबांची मते मागावी लागत. १९८७ पर्यंत चाललेल्या या पद्धतीवर तुझा राग योग्य आहे, फक्त विशेषणे कमी कर. २००३ मध्ये योव्हिल विजेतेपद मिळवून लीगमध्ये गेला, २०१३-१४ चा एक हंगाम दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि २०१९ मध्ये पुन्हा लीगबाहेर आला. एवढ्याला चार-पाच पाने पुरेत.

१९९० मध्ये क्लब नव्या मैदानावर गेला आणि जुन्या जागी सुपरमार्केट उभे राहिले. तिथे एकदा पायी जाऊन ये, आसपासच्या रस्त्यांचा चढ-उतार पाहा, आणि मग १९१४ चे प्रकरण मला पाठव.

तुझा,
जुना मास्तर