विमानाच्या पार्टचं मशिनिंग करतो, फीड (टूल पुढं सरकायचा वेग) वाढवलं की टूल जातं, मग प्रोडक्शन वाढवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) ७०७५ या मजबूत अॅल्युमिनियम मिश्रधातूचे आणि थोडे टायटॅनियमचे जॉब आहेत, आणि मालक रोज नग मोजतात. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला सेटर आहे, म्हणजे मशीनवर जॉब-टूल लावून देतो, आधी बरीच वर्षं कास्टिंगच्या जॉबवर होतो, त्यामुळं अडचण लगेच कळली.

फीडला आत्ता हात लावू नका. आधी एक दिवस घड्याळ घेऊन मशीनजवळ उभं राहा आणि कटिंग खरोखर किती वेळ चालतंय तेवढंच लिहा. मी लिहिलं तेव्हा आठ तासांच्या शिफ्टला चार तास पण भरेना. ऑपरेटर पोरगं व्हाईस (जॉब धरायचा शिकंजा) डायल लावून सरळ करतंय, एलन की शोधतंय, टूलची लेंथ मशीनवरच घेतंय, आणि पहिला नग क्वालिटीकडं गेला की ओके येईपर्यंत मशीन नुसती उभी. मग आम्ही बेडवर डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) सब-प्लेट कायमची बसवली, पुढचा जॉब मशीन चालू असतानाच बाहेर फिक्श्चरवर (जॉब धरायच्या साच्यावर) बांधायला लागलो, टूलची लेंथ पण बाहेरच प्रीसेटरवर मोजायला लागलो. दीड तासाचं सेटिंग पंचवीस मिनिटांवर आलं, फीड होतं तेवढंच.

दुसरी गोष्ट रिजेक्शनची. ७०७५ च्या पातळ भिंतीचा जॉब एका बाजूनं पूर्ण फिनिश करून क्लॅम्प सोडला की केळ्यासारखा वाकतो, आमचे सलग चार नग असेच गेले, जिवाला लागलं होतं. दोन्हीकडनं रफिंग (जाडं कटिंग) करून फिनिशला १ मिमी ठेवा, क्लॅम्प सोडून जॉबला मोकळा होऊ द्या, मग हलकं धरून फिनिश. मटेरियल टी६५१ मागवा, ती प्लेट ताणून स्ट्रेस काढलेली असते. आणि गरम जॉब मोजू नका, ३०० मिमीचं अॅल्युमिनियम १० डिग्रीनं तापलं तर साधारण ७० मायक्रॉन वाढतं, मे महिन्यातल्या दुपारी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे रोज होतंय.

टायटॅनियमला उष्णता जॉबमध्ये फारशी पसरत नाही, बहुतेक टूलच्या धारेवर बसते, म्हणून कार्बाईडच्या टूलनं मिनिटाला ५०-६० मीटर कटिंग स्पीडच्या आसपासच चालवा, साईडनं कमी घ्या, खोली जास्त घ्या, टूल घासत ठेवू नका, कूलंट प्रेशरनं नेमकं धारेवर पडू द्या. इन्सर्ट (टूलची बदलायची धार) तुटायची वाट न बघता ठरलेल्या नगाला बदला.

फक्त फिक्श्चर किंवा प्रोसेस बदलायच्या आधी कस्टमरला कळवा, एअरोस्पेसमध्ये अशा बदलानंतर फर्स्ट आर्टिकल (पहिल्या नगाची पूर्ण तपासणी आणि रिपोर्ट) परत द्यावं लागू शकतं.