फिनिक्सच्या अंगणात कासव येतंय? मग हे वाचा

अ‍ॅरिझोनाच्या वन्यजीव खात्याच्या योजनेतून सोनोरन वाळवंटी कासव दत्तक मिळालंय ना, मग पहिले काही दिवस त्याला उचलूच नका. घाबरलं की ते अंगात साठवलेलं पाणी मुतून टाकतं, आणि इथल्या उन्हाळ्यात तेच त्याचं भांडवल. पोरं हट्ट करतील, करू देत.

खरी मेहनत बिळाची. तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला ठेवा. पश्चिमेचं ऊन आत शिरलं तर भट्टीच. वर मातीचा चांगला जाड थर हवा, तरच ४५ अंशांतही आत गारवा टिकतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च ते तिथेच झोपतं, तेव्हा मायेपोटी खाऊ घालायला जाऊ नका.

कुंपण आरपार दिसणारं नको, पलीकडचं दिसलं की ढुशा देत बसतं. स्विमिंग पूल असेल तर आधी बंदिस्त करा. अंगणातली कण्हेर मात्र उपटाच, विषारी असते.

खायला गवत, रानटी पाला, फड्या निवडुंगाची कोवळी फडी. पोळीचा तुकडा अजिबात नको. पुढे सांभाळणं जमलं नाही तर खात्याला कळवा. वाळवंटात सोडणं बेकायदा आहे, पाळीव कासवाचे आजार रानातल्यांना लागतात.