"हिची एकही भाषा धड नाही": ब्रुसेल्समधल्या एका आईची काळजी

"मॅडम, हिला चार भाषा येतात आणि त्यातली एकही धड येत नाही. ह्यांच्या नोकरीपायी पोरीचं नुकसान तर नाही ना केलं आम्ही?"

परदेशात सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय नोकरी करणाऱ्या घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला सतत येतो, म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. आई मराठी, बाबा युरोपियन युनियनमधल्या एका छोट्या देशाचे, नोकरी ब्रुसेल्सला, युनियनच्या ऑफिसात. मुलगी १३ वर्षांची, तिला आपण सई म्हणूया. सई तिथल्या युरोपियन स्कूलमध्ये सेकंडरीच्या तिसऱ्या वर्षाला. इतिहास-भूगोलात दहापैकी चार मार्क पडायला लागले (तिथे पाचला पास), घरी बोलणं कमी झालं, आणि वर्गशिक्षिकेने मीटिंगमध्ये सुचवलं की घरात भाषा जरा कमी करून बघा. आईने त्याचा अर्थ लावला, मराठी बंद करा.

आता ही शाळा कशी चालते ते थोडं सांगायला हवं, नाहीतर सईचा त्रास कळणार नाही. पहिली युरोपियन स्कूल १९५३ साली लक्झेंबर्गला निघाली, युनियनच्या आधीच्या युरोपियन कोळसा आणि पोलाद समुदायाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि कल्पना अशी की मूल आपल्या भाषेत शिकेल, म्हणजे उद्या आईबाप मायदेशी परतले तरी तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. कल्पना खरंच चांगली आहे. पण युनियनच्या अधिकृत भाषा आता २४ आहेत आणि प्रत्येक शाळेत प्रत्येक भाषेचा सेक्शन, म्हणजे त्या भाषेत शिकवणारी तुकडी, असणं शक्यच नाही. ज्या मुलांच्या भाषेचा सेक्शन नसतो त्यांना इंग्लिश, फ्रेंच किंवा जर्मन सेक्शनमध्ये बसवतात, स्वतःच्या भाषेचे आठवड्यात काही तास मिळतात, त्यातही कधीकधी वेगवेगळ्या इयत्तांची दोन-चार मुलं एकाच वर्गात, आणि बाकी गणित, सायन्स सगळं त्या दुसऱ्या भाषेत. सई फ्रेंच सेक्शनमध्ये. घरात आईशी मराठी, बाबांशी त्यांची भाषा, आई-बाबा आपसात इंग्लिश. म्हणजे जी भाषा घरात कोणीच बोलत नाही त्या भाषेत पोरगी इतिहासाचे निबंध लिहिते.

मी आईला सांगितलं की सईच्या वह्यांचे फोटो पाठवा आणि पुढच्या सेशनला सईला एकटीला बसू द्या. गणिताची नुसती आकडेमोड अगदी स्वच्छ, शाब्दिक उदाहरणं आली की गडबड. मग मी तिला म्हटलं, भूगोलाचा कुठलाही धडा मला सांग, कुठल्याही भाषेत, मिसळून सांगितलास तरी चालेल. तिने नदीचा धडा सांगितला, मराठीत सुरू करून, मध्ये इंग्लिश, जिथे शब्द अडला तिथे फ्रेंच, आणि नदी वळण का घेते, गाळ कुठे टाकते हे इतकं नीट समजावलं की मला पुढे काही विचारायची गरजच पडली नाही. मुलीला विषय कळत होता. तो फ्रेंचमध्ये परीक्षेच्या वेळेत कागदावर उतरत नव्हता.

हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि घाबरलेल्या आईबापांना तो दिसत नाही, कारण मूल मैदानावर मित्रांशी फाडफाड फ्रेंच बोलत असतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे बरंच आधी मांडलंय, की रोजच्या बोलण्याची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात पण पुस्तकी भाषा, म्हणजे कारणं दे, तुलना कर, मुद्दा सिद्ध कर ही भाषा, बरोबरीला यायला पाच ते सात वर्षंही लागू शकतात. सई फ्रेंचमध्ये आली प्राथमिकच्या चौथ्या वर्षाला, म्हणजे जेमतेम चार-पाच वर्षं झाली.

मराठी बंद करायला मी स्पष्ट नाही म्हटलं. मराठी काढून टाकल्याने फ्रेंच वाढत नाही, फक्त आईशी बोलायची जागा जाते, आणि तेराव्या वर्षी ती जागा जाणं मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं. उलट आईला सांगितलं की फ्रेंचचा होमवर्क तपासणं तुम्ही सोडा (त्यांचं स्वतःचं फ्रेंच बेताचं, रोज संध्याकाळी त्यावरून भांडण), त्याऐवजी धडा वाचून झाला की सईने तो तुम्हाला मराठीत सांगायचा, बस. फ्रेंचची मदत शाळेकडून मागा. या शाळांमध्ये एज्युकेशनल सपोर्ट असतो, छोट्या ग्रुपमध्ये, आणि पालकांनाही तो मागता येतो. बाबांना ते माहीतही नव्हतं.

बाबांना वेगळं बसवावं लागलं. त्यांचं म्हणणं, इंग्लिश सेक्शनला टाकू किंवा प्रायव्हेट इंटरनॅशनल शाळेत घालू. सेक्शन असा मनात आलं म्हणून बदलत नाही, ठोस शैक्षणिक कारण लागतं आणि शिक्षकांचं मत बघून डायरेक्टर ठरवतात. शिवाय इंग्लिश सेक्शनचेही प्रश्न आहेतच, ब्रिटन बाहेर पडल्यावर तिथून सरकारी पगारावर येणारे शिक्षक थांबले. शाळा बदलण्याबद्दल मात्र मी कुठल्याच पालकांना सरसकट नाही म्हणत नाही. इथे शेवटी युरोपियन बॅकलॉरिएट ही एकच मोठी, पुस्तकी परीक्षा आहे आणि ज्या मुलाचा कल हाताने काम करण्याकडे आहे त्याला ही शाळा खरंच जड जाते. बदलायचं तर सहावं वर्ष सुरू व्हायच्या आत ठरवा, कारण सहावं-सातवं मिळून त्या परीक्षेचा एकच टप्पा असतो. पण सईच्या बाबतीत ती वेळ नव्हती.

आणि एक खूण लक्षात ठेवा. मूल जर कुठल्याच भाषेत धडा सांगू शकत नसेल, घरच्या भाषेतही वाचताना अक्षरं अडत असतील, तर तो नुसता भाषांच्या ओझ्याचा प्रश्न नसू शकतो, मग डिस्लेक्सियासारख्या अडचणीची तपासणी लवकर करून घ्या, आणि ती मुलाची घरची भाषा समजणाऱ्या माणसाकडून, नाहीतर निदान चुकू शकतं.

काही महिन्यांनी सईचा इतिहास-भूगोल साडेपाचवर आला. लिहायला अजूनही आवडत नाही तिला. जवळची मैत्रीण वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यामुळे परत गेली, त्याचं दुःख मार्कांपेक्षा मोठं होतं, ते बाहेर यायलाही वेळ लागला, आणि मला वाटतं गप्प होण्याचं अर्धं कारण तेच होतं.

आता त्यांचा धाकटा नर्सरीला जायचाय आणि फॉर्मवर पहिली भाषा कुठली लिहायची हा आईचा नवा प्रश्न. मी म्हटलं, तो खेळताना स्वतःशी कुठल्या भाषेत बोलतो ते आठवडाभर बघा, आणि जे दिसेल तेच शाळेला सांगा, बाबांच्या भाषेत तो कच्चा असेल तर तसंही सांगा. शंका असली की शाळा चाचणी घेते, ती घेऊ द्या, मुलाला त्यासाठी पाठ करून पाठवू नका.